शेवटच्या गाठीचा वारस

हे मृत्युपत्र खरं तर दिवाळीतच लिहायचं होतं. कागद आणला, तर काकीने त्यावर चकल्या निथळत ठेवल्या. मग म्हटलं संक्रांतीला बघू. संक्रांतीला शेजारच्या हैबतरावांकडे पोपटी होती, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या होत्या, तिथे गेलो आणि राहिलंच. असं करत करत परवावर आलंय. परवा मुंबईला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. पेणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "घरी सगळ्यांशी बोलून घ्या." इतका वेळ ऐकून एवढंच सांगतात म्हणजे काहीतरी लपवलं असणारच. म्हणून आज जेवण झाल्यावर ओटीवर बसून लिहायला घेतलं.

तर मी, कान्होबा गुणाजी मरवडे, सगळे कान्हू म्हणतात, वय सत्तावीस, शिक्षण आठवी (पास की नापास ते इथे लिहायची गरज नाही), धंदा गळावरच्या माशा बांधणे, मुक्काम खांब, तालुका रोहा, जिल्हा रायगड, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी दारू घेतलेली नाही आणि मागे उभं राहून हे माझ्याकडून कोणी लिहून घेत नाही. मघाशी हैबतराव उभे होते, त्यांना पाठवून दिलं आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी आणून दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम एक, घर. खांबच्या घराचा पुढचा अर्धा भाग माझ्या वडिलांचा, म्हणजे आता माझा. मागचा काकांचा. माझे आईवडील मी लहान असताना गेले, काकाही गेले, आणि बायजाकाकीने मला आणि तिच्या सख्याला एका ताटात वाढवलं. माझा भाग काकीने जन्मभर वापरावा. तिच्यामागे तो कोणाला जावा हे पुढे लिहितो, अजून ठरत नाही. वालाच्या शेताचा तुकडाही तिचाच. त्याला लागून हैबतरावांचं शेत आहे. त्यांचा बांध दर पावसाळ्यात आमच्याकडे सरकतो आणि ते म्हणतात पाणी सरकवतं. पाणी नेहमी एकाच बाजूला कसं सरकवतं, हे माझ्यामागेही कोणीतरी त्यांना विचारत राहावं.

कलम दोन, कोंबडा. लाल कोंबड्याच्या मानेची पिसं माझ्या धंद्याला लागतात, म्हणून तो इतकी वर्षं वाचला आहे. माझ्यामागे त्याचा रस्सा करू नये. हैबतराव त्याच्याकडे कसे बघतात ते मी पाहिलेलं आहे. पोस्टातलं पासबुक काकीच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली आहे. ते तिचंच.

कलम तीन, हत्यारं आणि विद्या. हा कागद वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून सांगतो, माझी माशी म्हणजे घोंगावणारी माशी नव्हे. बारीक गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखं दिसेल असं काहीतरी करायचं. कुंडलिकेवर मुंबई-पुण्याचे साहेब येतात, ते ही माशी पाण्यावर फेकतात. महाशीर मासा किडा समजून तोंड घालतो. साहेब त्याचा फोटो काढतात आणि त्याला परत नदीत सोडतात. काकीला हे अजून पटलेलं नाही. "पकडून सोडतात? मग घरी जाऊन काय सांगतात?" असं ती दरवेळी विचारते.

ही विद्या मला अशी मिळाली. कोलाडच्या ढाब्यावर भांडी घासत होतो. एक ट्रक नाशिकला निघाला होता, त्यावर क्लीनर म्हणून चढलो आणि उतरलो ते कुल्लूला. तिथल्या सफरचंदांबद्दल इथे लिहायचं कारण नाही, पण रोह्याच्या बाजारात मिळतात ती ती नव्हेत. तिथे एक म्हातारा नदीकाठी माशा बांधत बसायचा. तो म्हणायचा, पिसं कोणीही लावील, माशी शेवटावर असते. म्हणजे काय, तर सगळं गुंडाळून झालं की गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागे, माशीच्या मानेशी, दोरा संपवायचा असतो. तो नीट संपवला नाही तर पाण्यात मान उलगडते आणि साहेबाच्या हातात नुसता गळ राहतो.

दोरा संपवायच्या मला तीन पद्धती येतात. त्यांची वाटणी अशी.

अर्धी गाठ. संपलेल्या पेनच्या नळीवर दोऱ्याचा एक सैल फास घ्यायचा, नळीचं तोंड गळाच्या डोळ्याला टेकवायचं, फास मानेवर सरकवायचा आणि आवळायचा. अशा दोन-तीन मारायच्या. लवकर होते आणि तितक्याच लवकर सुटते. ही पद्धत, नळीसकट, साहेब उतरतात त्या नदीकाठच्या कॅम्पचे मॅनेजर आणि माझ्या मालाचं गिऱ्हाईक शरदराव यांना देतो. त्यांना शोभेल.

ओढगाठ. दुसऱ्याच दोऱ्याचा फास मानेवर आडवा ठेवायचा, त्यावरून आपल्या दोऱ्याचे वेढे घ्यायचे, टोक फासात घालायचं आणि फास ओढून काढायचा. त्याच्याबरोबर टोक वेढ्यांखाली जातं. ही हैबतरावांना. छत्रीची मोडकी काडी बांधायला बरी आहे आणि हिच्यात सरकवण्यासारखं काही नाही.

तिसरा, बोटांचा वेढा. दोरा दोन बोटांवर त्रिकोणात धरायचा, त्याच्याच टोकावर तो गुंडाळत जायचा आणि शेवटी ओढून घ्यायचा. गाठ दिसत नाही कारण गाठ नसतेच. दोरा स्वतःखालीच दबून राहतो. वरून बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब. (हे रोह्यात आणायला गेलो की दुकानदार दरवेळी विचारतो, "लग्न ठरलं का कान्हू?" मी त्याला काही सांगत नाही.) या पद्धतीतली एक गोष्ट मी मुद्दाम लिहिलेली नाही. मी जिवंत असताना कोणी हा कागद वाचला तर?

गळ घट्ट धरायचा लहान चिमटा, म्हणजे व्हाईस, कात्री, सुया आणि दोऱ्याच्या रिळांसकट हा बोटांचा वेढा कोणाला द्यायचा, तो खरा प्रश्न आहे. कोणाला द्यायचा नाही हे मात्र पक्कं आहे.

कलम चार. माझा चुलतभाऊ सखाराम, म्हणजे काकीचा सख्या, याला काहीही देऊ नये. कारण लिहितो.

सख्या पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. आखणीवाल्याचा हात म्हणजे श्वाससुद्धा बघून घ्यावा लागतो. मी त्याला इकडे बोलावलं. पिसं मी लावायची, मान त्याने आवळायची, असं ठरलं. माझ्यापेक्षा त्याचा वेढा सरस, हे तेव्हाही म्हणत होतो. शरदराव तर माझ्यासमोर म्हणायचे, "सखाराम, तुमच्या हाताला तोड नाही." माझ्यासमोरच का म्हणायचे, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

मग माशा सुटायला लागल्या. एके दिवशी शरदरावांनी मूठभर माशा माझ्यासमोर टेबलावर टाकल्या. "कान्हू, ह्या माशा आहेत का न्हाव्याच्या दुकानातला केर?" साहेब लोक हसले. माल घेणं काही दिवस बंद झालं. गळ बाहेरून आलेले, पिसं माझी, मान सख्याची, आणि सुटत होती ती मानच. मी घरी येऊन त्याला विचारलं.

"सख्या, तुझा वेढा सुटतोय."

"माझा वेढा सुटत नाय."

"मग मासा सोडवतो व्हय?"

"कान्हू, कोणावर तरी संशय घेतल्याबिगर तुला जेवण जातच नाय."

"शरदरावांना चांगला माल परस्पर देतोस आणि भिकार माल माझ्या नावावर घालतोस. बोल की."

तो ताटावरून उठला, पिशवी घेतली आणि पेणची एसटी पकडली. त्याचं गप्प बसणं हाच मी पुरावा धरला. दुसरा पुरावा त्याहून मोठा. तो गेल्यापासून मान मीच आवळतो, आणि एकही माशी सुटलेली नाही. त्यावर काय बोलणार? काकीने त्याच्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. ऑपरेशनचं ठरलं तेव्हा एवढंच म्हणाली, "सख्याला कळवू का रे?" मी नको म्हटलं.

तिसरा पुरावा या कागदाला टाचावा म्हणून परत आलेल्या, पण अजून न सुटलेल्या माशांतली एक आत्ता काढली. सख्याचे ढिले वेढे उघडे दिसावेत म्हणून तिच्या मानेवरचं नेलपॉलिश थिनरने पुसलं आणि भिंगाखाली धरली.

वेढे ढिले नाहीत. एकाशेजारी एक, आखणीच्या रेघेसारखे. पण शेवटच्या वेढ्याशी, टोक जिथे बाहेर येतं तिथे, काळा टणक मणी आहे. नखाने ढकलला तर वेढ्यासकट तुटून आला आणि मान माझ्या हातात उलगडली. दुसरी माशी पुसली. तसंच. तिसरीही तशीच.

पुढचं समजायला एक सांगावं लागेल. सख्या दोऱ्याची बारीकशी शेपटी ठेवायचा. ती सकाळच्या उजेडात कापायची म्हणायचा, संध्याकाळी डोळे थकतात. माशा रात्रभर खिडकीत थर्माकोलवर टोचलेल्या असायच्या. सकाळी पॉलिश लावायला बसलो की शेपट्या नसायच्या. मला वाटायचं त्याने कापल्या. मी मात्र शेपटी लगेच कापतो, मला धीर नाही.

काकी मागच्या दारी वाल सोलत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काकी, सख्या होता तेव्हा ह्या माशांची टोकं तू कापायचीस का गो?"

"कापू कशाला? चष्म्याबिगर मला दिसतंय व्हय? सांजंला देवाला उदबत्ती लावली की तीच एकेकीला टेकवायचे. नायलॉनच्या दोरीचं टोक जाळतात ना, सुटू नये म्हणून? तसंच."

"आता नाय टेकवत?"

"आता तू टोक ठेवतोस कुठं? सख्या ठेवायचा. काम येवढं गोड, पण शेवट तेवढा अर्धा टाकायचा लहानपणापासून. त्याच्या आईनं नाय पुरा करायचा तर कोणी करायचा?"

मी "बरं" म्हणालो आणि इथे येऊन बसलो. जाड दोरीचं टोक जाळलं तर ती पक्की होते. माशीचा दोराही नायलॉनचाच, पण केसासारखा, उदबत्ती टेकली की शेजारचा वेढाही आतून करपतो. वरून चकचकीत दिसतो आणि पाण्यात पडला की सुटतो.

कलम पाच. कलम चार रद्द समजावं. खोडत नाही, खाडाखोड दिसली की लोक भलतं काही म्हणतात. व्हाईस, कात्री, सुया, रीळ आणि बोटांचा वेढा सखारामला. काकीच्या मागे घराचा माझा भागही त्यालाच. वेढ्यातली न लिहिलेली गोष्ट अजूनही लिहीत नाही. सख्याला ती येते, बाकीच्यांना हवी कशाला?

कलम सहा. कलम चार आणि पाच काकीसमोर वाचू नयेत. तिने विचारलंच तर त्या वेळचा दोरा खराब निघाला असं सांगावं. आपल्या हाताने पोरगा घराबाहेर गेला, हे तिला कळता कामा नये. गेला तो माझ्या तोंडाने. तेवढंच खरं धरावं.

पण एक शंका राहतेच. सकाळी शेपट्या नाहीत हे सख्याला दिसत नसेल? की त्याला वाटायचं मी कापल्या? की त्याने एखाद्या संध्याकाळी आईला उदबत्ती घेऊन खिडकीशी उभं असलेलं पाहिलं होतं, आणि म्हणून त्या दिवशी माझं सगळं ऐकून घेऊन तो गप्प उठला? हे त्यालाच विचारावं लागेल, आणि त्यासाठी मला मुंबईहून परत यावं लागेल. डॉक्टरांनी हेही ऐकायला हवं होतं.

एवढं लिहून सही करतो.

ठिकाण: खांब, ता. रोहा
दिनांक: ११ फेब्रुवारी २००२
सही: कान्होबा गुणाजी मरवडे

साक्षीदार पहिला: हैबतराव. (हाक मारताच आले, म्हणजे जवळच होते. वरचे कागद झाकून सही घेतली. "वाचू तर दे," म्हणाले. दिलं नाही.)

साक्षीदार दुसरा:

दुसऱ्या साक्षीदारासाठी हैबतराव कोणाला तरी बघायला गेले आणि फाटकातूनच ओरडले, "कान्हू, तुझा माणूस आलाय रे!" मी मान वर केली तर अंगणात सख्या. खांद्याला पिशवी, हाताला अजून रंग. आत येत नाही. म्हणतो, "शरदरावांनी सांगितलं. मुंबईला रक्त द्यायला माणूस लागतो म्हणे. माझं चालंल, का त्यातबी भेसळ हाय?" काकी वालाचे हात तसेच घेऊन धावली आहे.

मी अजून उठलेलो नाही, कारण हे आधी लिहून ठेवायला हवं. दुसरी सही बाहेरच्या कोणाची तरी आणावी लागेल. सख्याची चालणार नाही. ज्याला मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये, असं रोह्याच्या एका वकिलांनी सांगितलंय.