जोखीम आधी, मत शेवटी

सोमवार, ४ मार्च
पोहोचलो एकदाचे! तिसऱ्या मजल्यावरची खोली एवढीशी आहे, दोन खाटा टाकल्यावर चालायला वाट उरत नाही. पण खिडकीतून बँकेची काचेची इमारत दिसते. दादाने दोन्ही बॅगा एकट्याने वर आणल्या, तेही कारखान्यात उजवा हात चिरडलेला असताना. मला हात लावू देईना. म्हणाला, बँकवाल्या बाईंनी हमाली करायची नसते. मी सात वर्षांची असताना आई-बाबा गेले, तेव्हापासून हाच माझी आई, बाप आणि वेणी घालणारा. वेण्या मात्र कायम वाकड्या.

बुधवार, ६ मार्च
मुलाखतीची पहिली फेरी. गुंतवणूक विश्लेषकाची एकच जागा आणि आम्ही खोलीभर उमेदवार. मुलाखत घेणाऱ्या मुख्य बाईंना मी मनात 'मोजपट्टी' नाव ठेवलंय; हसतानाही त्यांचे ओठ सरळच राहतात. नियम आमच्या धंद्यातलाच: जोखीम आधी सांगायची, मत शेवटी, एकाच शब्दात आणि वेळ संपल्याची घंटी वाजायच्या आत. ठेवा किंवा विका. सरावाला घरातलं काहीही निवडा म्हणाल्या. मी शेजारच्या काकूंकडे ठेवून आलेला आमचा बोक्या निवडला. खातो, झोपतो, ओरबाडतो, उत्पन्न शून्य. विका! सगळे हसले. मी पुढच्या फेरीत.

गुरुवार, ७ मार्च
काकूंना फोन केला. बोक्या मजेत आहे, पण तो पहिल्यापासून त्यांचाच म्हणे. काकूंचं आता वय झालं. दादाला विचारलं, तर तोही म्हणाला, आपण कधी मांजर पाळलं? माझी फिरकी घेतोय, दुसरं काय.

शुक्रवार, ८ मार्च
या वेळी विषय मोजपट्टीबाईंनी दिला: माझी शाळेपासूनची मैत्रीण. त्यांना ती कुठून ठाऊक? वाटलं, मी भावनेत वाहून जाते का ते बघताहेत. मीही खमकी. चिडकी आहे, वेळ खाते, विका. घरी येऊन मैत्रिणीला फोन केला. तिने फार नम्रपणे विचारलं, आपण कोण? पुन्हा पुन्हा सांगितलं. तिला माझं नावच माहीत नाही.

रविवार, १० मार्च
दादाला सगळं सांगितलं. उद्या जायचं नाही म्हटलं. तो हसला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणाला. एवढी वर्षं डोळे फोडून शिकलीस ती ऐन वेळी पळायला का, चिमणे? मग चांगल्या हाताने माझ्या सदऱ्याला इस्त्री करत बसला. कॉलरला सुरकुती राहिली.

सोमवार, ११ मार्च
विषय दादा.
मत ठरलेलं होतं. ठेवा. जन्मभर ठेवा. पण जिभेला सवय — जोखीम आधी. हात निकामी. काम नाही. खोकतो. डॉक्टरकडे जात नाही. हट्टी. माझ्याशिवाय त्याला कुणी नाही. हे म्हणताना रडू फुटलं, आणि रडण्यातच घंटी वाजली. ठेवा, ठेवा, म्हणून ओरडले. मोजपट्टी म्हणाल्या, वेळेनंतरचं मत धरत नाहीत, मग जोखमीवरूनच ठरवावं लागतं. मांडणी उत्तम होती. नोकरी तुमची.

मंगळवार
मला बघून दादा उठून उभा राहिला. दादा, माझ्यासाठी उभा! म्हणाला, माफ करा, चुकून तुमच्या खोलीत आलो वाटतं. तुम्ही म्हणाला मला —

बँकेला फोन केला. नोकरी नको, त्याला परत द्या. म्हणाल्या, व्यवहार झाला की —

पिशवी भरतोय. एका हाताने. मदत करू का विचारलं. कशाला त्रास, ताई. अरे, मी धाकटी आहे, धाकटी —

घरी कोण असतं विचारलं. बराच वेळ आठवत राहिला. डोळे भरले त्याचे. का ते त्यालाच कळेना. म्हणाला, कुणीतरी होतं वाटतं, लहानसं —

जिना उतरतोय. खोकला ऐकू येतो. पळत जाऊन अडवीन. पण तो विचारेल, आपण कोण, आणि मी —