थोरलीची चुंबळ

आये, थोरलीच्या मानेला इंजेक्शन देऊन आणलं. तेच सांगायला बसले आहे, पण पोटात आहे ते वेगळंच. दोन वर्षं तिची मान दुखत होती. कळ खांद्यातून थेट बोटांपर्यंत जायची, आवणी करताना रोप हातातून गळायचं. आपल्या पोशेरे गावात जो तो तिला डाग घे म्हणत होता, तुझ्या मानेवर होता तसा. मी म्हटलं, तापल्या सळईने कातडी जळते, आतली नस सुटत नाही. नाशिकला नेलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला, मणक्यांमधली गादी सरकून नस दबली होती. त्या नसेजवळ, मणक्याच्या आत, स्टिरॉइडचं औषध सोडायचं. सूज उतरली तर काही महिने आराम, पण खात्री नाही. "आणि डोक्यावर ओझं बंद," ते म्हणाले. थोरली माझ्याकडे बघून हसली. "मंग पानी तू आनशील काय?"

मला पाणी आणता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक. तू येऊच दिलं नाहीस. लहानपणचं अजून डोळ्यांसमोर आहे: आश्रमशाळेला सुट्टी लागून मी घरी आले आहे, आणि तुम्ही दोघी झऱ्यावरून चढण चढताय, डोक्यावर दोन-दोन हंडे, कशाला तरी खिदळताय, आणि मी उंबऱ्यात दिसले की गप्प. काय बोलत होतात गं एवढं? तिला तू आपल्या जुन्या लुगड्याची चुंबळ वळून दिलीस, हिरवा काठ बाहेर ठेवून. एकदा मी ती गुपचूप डोक्यावर ठेवली आणि कळशी उचलली, तर तू धावत येऊन हिसकावलीस. पाठीत धपाटा घातलास तो निराळाच. "ठेव खाली! तुझी मान नाय याच्यासाठी!" लोक म्हणतात आईने शिकवलं, जव्हारच्या कचेरीत खुर्चीवर बसवलं, नशीबवान आहेस. असेन बाई. पण मला ती चुंबळ हवी होती. पोरं कॉलेजात गेली, डोक्यात चांदी आली, तरी मी अजून थोरलीवर जळते.

दवाखान्यात तिला पालथं झोपवायचं होतं. कपाळ टेकायला नर्सने गोल उशी आणली, ती हिला काही नीट बसेना. तर हिने पिशवीतून काय काढावं? चुंबळ! "आयची हाय. हिच्यावर डोकं टेकलं का मी हलनार नाय." नर्सला हसू आलं, पण तिने ती स्वच्छ कपड्यात गुंडाळून कपाळाखाली ठेवली. मी दाराच्या काचेतून बघत होते. सुई आत जाते आहे, पडद्यावर मणके दिसताहेत, आणि बहिणीची काळजी करायची सोडून मी बघते आहे ती चुंबळ. मरूनही तू तिचंच डोकं धरून बसलीस. अंगाचा नुसता तिळपापड झाला. नंतर नर्सने चुंबळ माझ्या हातात दिली आणि मी ती पर्समध्ये कोंबली. मोखाड्याच्या जीपमध्ये थोरलीने पिशवी चाचपली. "चुंबळ कुठं गं?" मी म्हटलं, "तिथेच राहिली वाटतं." खोटं किती सहज आलं तोंडात! ती सबंध घाट खिडकीबाहेर बघत राहिली.

पंधरा दिवस झाले. कळ बरीच कमी आहे, बोटांत पकड आली आहे, पाणी आता तिची सून आणते. पण फोनवर ती मानेचं नंतर सांगते, आधी चुंबळीचं विचारते. दवाखान्यात परत विचार म्हणते, आणि मी बेशरमपणे "विचारते" म्हणते. काल दार लावून मी ती नाकाशी धरली, तुझा वास येईल म्हणून. तुझा नव्हता गं. थोरलीच्या घामाचा होता, तिच्या तेलाचा. वरचा काठ तेवढा तुझा. तो उकलून बघितला तर आत सगळ्या तिच्याच साड्यांच्या चिंध्या, झिजेल तशी एकेक भरलेली. तू गेल्यापासून ती एकटीच झऱ्यावर जात होती. तुझी म्हणून जी चोरली, ती तिची निघाली.

रविवारी पोशेऱ्याला जायचं आहे. तिच्या गोळ्या, नातवाला खाऊ, सगळं पिशवीत भरून ठेवलं आहे. चुंबळ मात्र अजून माझ्या उशीखालीच आहे, आये.