अक्का, माईकवरची पिशवी काल सापडली

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. एका घरात राहणाऱ्या माणसांना ती कशी असणार? पण काल जे झालं ते तुझ्याशी संबंधित आहे, आणि माझी एक चूक दुरुस्त करायची राहिली आहे. म्हणून आधी फक्त घटना लिहिते.

१. गेल्या पावसाळ्यात जाहिरातींना आवाज द्यायला मागवलेला माझा नवा माईक आला, तेव्हा मी कारखान्यात होते. पार्सल तू घेतलंस, उघडलंस. मी घरी आले तेव्हा माईकवर फोम चढवलेला होता.
२. त्या दिवसापासून माझं प्रत्येक रेकॉर्डिंग दबलेलं यायला लागलं. वरचा, खुला आवाज येईना.
३. दिवाळीनंतर मी तुझं आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, गाणं रेकॉर्ड केलं. तेही तसंच आलं.
४. दोष तुझ्या आवाजात आहे, असं मी तुला सांगितलं.
५. तू पुन्हा गायली नाहीस. पौषात तू गेलीस.
६. काल मी माईकवरची फोमची टोपी धुवायला काढली. खाली प्लास्टिकची पिशवी होती. दुहेरी घडी, वर रबर, आत कडुनिंबाचं एक वाळकं पान.

पिशवीवर धुळ्याच्या तुझ्या साडीच्या दुकानाचं नाव आहे, त्यामुळे संशयित एकच.

मला हे आधी का सुचलं नाही? तीस वर्षं तू त्या दुकानात गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्या परत घडी घालून पिशवीत सरकवल्यास. नोकरी संपवून आमच्याकडे, तुझ्या भावाच्या घरी, जळगावला आलीस आणि महिन्याभरात आमचं घर पिशवीत गेलं. रिमोट, रेशनकार्ड, बाबांचा चष्मा. सोफ्याचं प्लास्टिक तू पाच वर्षं निघू दिलं नाहीस. उन्हाळ्यात पाहुणे उठायला लागले की सोफा त्यांना सोडायचा नाही, आणि तू म्हणायचीस, "बसा, बसा, घाई काय शे?"

म्हणजे त्या घरात बारा हजारांचा माईक उघडा राहील, असं मी समजले. इंजिनिअर मी आहे. आणि माझी नोकरी काय, तर पाईपच्या कारखान्यात दिवसभर प्लास्टिकची जाडी मोजणं. ही पिशवीची गोष्ट ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही.

खरं म्हणजे निम्मा दोष माझाही आहे. स्टँडवर मीच चिठ्ठी चिकटवली होती, 'फोम काढू नये'. शेजारच्या डाळ मिलची धूळ येते म्हणून. तो नियम घरात फक्त मी पाळला.

ते महिने आठवतात का तुला? आधी मला वाटलं, भिंतींवर लावलेल्या गोधड्या वरचा आवाज पितात. त्या काढल्या. तू त्या धुऊन, घडी घालून, पिशव्यांत भरून ठेवल्यास. मग मी केबल बदलली. मग माईक खिडकीपासून लांब नेला, मग जवळ आणला. मग कॉम्प्युटरवर वरचा आवाज वाढवला, तर आवाजाऐवजी खरखर वाढली. जे माईकपर्यंत नीट पोचलेलंच नाही, ते मागून कितीही वाढवलं तरी सोबत कचराच जास्त येतो. हे मला पाठ आहे. तरी मी रोज वाढवत होते.

जामनेरच्या बियाणेवाल्या भाऊंची जाहिरात केली होती ना? त्यांचा फोन आला, "ताई, आवाज चांगला शे, पण माणूस गोणीत बसेल शे का?" मी त्यांना सांगितलं की खोलीच्या ध्वनिगुणांवर काम चालू आहे. ते म्हणाले, "चालू द्या, पण पहिले त्याले बाहेर काढा."

तू चहा घेऊन आलीस तेव्हा मी जमिनीवर बसून सगळ्या वायरी सोडत होते.

"काय व्हयनं व?"

"माईकमध्ये काहीतरी दोष आहे."

"धूळ गई व्हई," तू म्हणालीस. "झाकीसन ठेवत जा."

अक्का, तेव्हा तुला ती पिशवी आठवली नाही का? की आठवली, आणि पिशवीने काही बिघडू शकतं हेच तुला पटण्यासारखं नव्हतं? मला दुसरं जास्त शक्य वाटतं.

आता मुद्द्याचं. ज्यासाठी हे पत्र आहे.

तुझ्या वहीत आखाजीची सहा गाणी होती. वहीसुद्धा पिशवीत. पहिलं गाणं तू माझ्या खोलीत, स्टुलावर बसून, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात गुंडाळून गायलीस. झोका वर जातो त्या ओळीला तुझा आवाजही वर जातो, आणि तू मानही वर केलीस. संपल्यावर तू विचारलंस, "कसं व्हयनं?"

मी तुला कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख दाखवला. छान झालं, एवढं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण मी म्हणाले, "हे बघ, आठ हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही नाही. वयाने आवाजातलं जातं ते."

तू चष्मा लावून नीट पाहिलंस. म्हणालीस, "इतलं वर कोनले ऐकू जास?" मी हसले. तू पण हसलीस. मग म्हणालीस, "आते मन्हा आवाज जुना व्हयी गया. तू शिकेल शे, तू सांगस ते बरोबरच व्हई."

दुसऱ्या दिवशी मी माईक लावला तर तुला भाजी निवडायची होती. तिसऱ्या दिवशी घसा बसला होता. चौथ्या दिवशीपासून मी विचारणं सोडलं. विचारायला हवं होतं.

काल मी मोजमाप केलं. तुझ्या रेकॉर्डिंगनंतर आठवड्याने अमळनेरला बारसं होतं. तिथला एक व्हिडिओ माझ्या फोनवर आहे. त्यात पाळणा जेमतेम दिसतो, पण तू माझ्या मावसभावाला रागावताना स्वच्छ ऐकू येतेस, "नव्या खुर्चीनं प्लास्टिक फाडू नको रे, भाड्यानी शे ती!" तुझा आवाज मी वेगळा काढून तोच आलेख केला. चौदा हजारांपर्यंत सगळं आहे. प्रत्येक 'स' जागेवर. मांडवात, पंख्याखाली, साध्या फोनवर.

म्हणजे तुझा सगळ्यात खुला, निर्मळ, वरपर्यंत पोचलेला आवाज माझ्याकडे आहे, आणि त्यात तू प्लास्टिक वाचवते आहेस.

तेव्हा लेखी दुरुस्ती: तुझ्या आवाजात दोष नव्हता. माझा निष्कर्ष चुकीचा होता. मी मधली एक गोष्ट न तपासता माणसाला दोष दिला. कारखान्यात एखाद्याने असा अहवाल दिला असता तर मी तो परत पाठवला असता.

बाकीच्या पाच गाण्यांचे शब्द वहीत आहेत. चाली आईला अर्ध्या येतात, समोरच्या काकूंना अर्ध्या. दोघींचे अर्धे जुळत नाहीत, आणि दोघी आपापल्या जागी ठाम आहेत. मी त्यांना एकत्र बसवून रेकॉर्ड करणार आहे. कुणाच्याही आवाजाबद्दल काही बोलणार नाही, आलेख कुणालाही दाखवणार नाही. आणि हे वचन समज: रोज काम संपलं की माईकवर मी तुझीच पिशवी घालीन, रबरासकट. काम सुरू करताना काढीन. चिठ्ठी बदलली आहे. आता लिहिलंय, 'आधी फोम काढून बघावे'. पान वहीत ठेवलं आहे.

आता एकच गोष्ट विचारायची आहे. यंदा आखाजीला पितरांसोबत तुझ्याही नावाची घागर भरायची आहे. दुपारी गल्लीतल्या बायका झोक्यापाशी जमतील आणि तुझं गाणं लाव म्हणतील. माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक आहे तशी, पिशवीतली. दुसरीत मी वरचा आवाज वाढवला आहे, त्यात तू जवळ येतेस पण खरखरही येते. आईला पहिली आवडते, बाबा दुसरी लावली की उठून बाहेर जातात आणि थोड्या वेळाने परत लाव म्हणतात. मला ठरवता येत नाही. मोजून ठरण्यासारखं हे नाही.

कुठली लावू, ते आखाजीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कळव. लाईट गेली तर ते उत्तर धरणार नाही, ती तशीही जाते.

तुझी,
मयुरी