अजून एक यायची आहे

तीर्थस्वरूप दादा यांना साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्याचं मुख्य कारण वहिनींचा गुडघा. कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? खाली बसता येतं का? तुम्ही म्हणाल, या माणसाने चाळीस वर्षांत वहिनींची कधी चौकशी केली नाही आणि आता एकदम गुडघ्यापर्यंत पोचला. पण त्या गुडघ्यावर माझं बरंच अवलंबून आहे. तुमची बहीण त्याच्यासाठी पंधरा दिवस म्हणून तुमच्याकडे आली, त्याला आता चौथा महिना लागला. (ती आली तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलंही नव्हतं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत. आपण दोघं जुन्या वळणाचे.) गुडघा बरा असेल तर ती परत कधी येते, एवढंच मला विचारायचं आहे. पण ते मी या पत्रात विचारणार नाही. या पत्रात सहलीची हकीकत आहे.

ही जहाजाची सहल आमच्या मुलीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी ठरवली होती, दोघांसाठी. तेव्हा आम्ही एका घरात राहत होतो. नंतर काय झालं ते तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं असेलच, पण ती तिची बाजू. माझी बाजू फार छोटी आहे, चार मिनिटांची. मुलीच्या नव्या घरी जायचं होतं, टॅक्सी सकाळी सातला दारात आली, आम्ही दोघं बाहेर पडलो आणि ही खिडकीची कडी बघायला परत आत गेली. सात वाजून सहा मिनिटं झाली. मी चालकाला म्हटलं, चला. फक्त कोपऱ्यापर्यंत, दादा. धडा म्हणून. कोपऱ्यावरून वळून परत येईपर्यंत चार मिनिटं गेली आणि दाराला कुलूप होतं. संध्याकाळी तुमचा फोन आला, ती इकडे पोचली, गुडघा आहे ना. मी म्हटलं, हो, गुडघा आहे.

मी चौतीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. गाडी वेळेवर सोडणे हे माझं काम. लोक मला ‘काटा’ म्हणत, आणि मला वाटायचं ते कौतुकाने म्हणतात. बोचकं सावरत पळत येणारा माणूस मला दिसायचा, मी त्याला दिसायचो, आणि मी शिट्टी वाजवायचो. एकदा थांबलात तर रोज थांबावं लागतं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. ते खरं आहे. त्यात चूक काय आहे ते मला या सहलीपर्यंत कळलं नव्हतं.

सहलीची तारीख आली तेव्हा मुलीने आईला फोन केला. ही तिला म्हणाली, “मला निघायला उशीर होईल. तुझ्या बाबांना म्हणावं, वेळेवर निघा.” मुलीने हे मला शब्दशः सांगितलं. (आवाजसुद्धा आईचाच काढला. पोरगी गुणी आहे, पण कुणाच्या बाजूची आहे ते कळत नाही.) मी वेळेवर निघालो. हात दाखवून अवलक्षण.

जहाजावरच्या खोलीत दोन पलंग, दोन उशा, दोन कप. खोली साफ करणारा माणूस रोज दोन टॉवेल दुमडून त्यांचे दोन हंस करून ठेवतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, बाईसाहेब कुठे आहेत. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि सांगितलं की त्यांना जहाज लागतं, त्या झोपल्यात. ती खोली एवढीशी, दादा, की पलंगाखाली मांजरसुद्धा लपणार नाही. त्याने रिकाम्या पलंगाकडे बघितलं, मग न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं आणि पावलं न वाजवता बाहेर गेला. तिसऱ्या दिवशी जहाजाच्या डॉक्टरांनी गोळ्या पाठवल्या. पाचव्या दिवशी जेवणघरातले अनोळखी लोक मला विचारू लागले, आज कशी आहे तब्येत? मी म्हणायचो, कालच्यापेक्षा बरी. अशा रीतीने तुमची बहीण तुमच्याकडे परिचारिका आणि माझ्याकडे रुग्ण, अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी होती. प्रत्यक्षात मला ती एकाही ठिकाणी भेटत नव्हती.

सहाव्या दिवशी जहाज एका बंदराला लागलं आणि तिथून डोंगरातली तीन गावं दाखवणारी एक दिवसाची सहल होती. जाहिरातीत ‘छोटा गट’ असं लिहिलं होतं. मोठ्या बसमध्ये पन्नास जण कोंबतात, त्याऐवजी छोट्या गाडीत आठ जण कोंबतात, त्याला छोटा गट म्हणतात. एक दंतवैद्य आणि त्यांची बायको, विणकाम करणाऱ्या दोन बहिणी, एक नवं जोडपं, कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक गृहस्थ, आणि मी. वाट दाखवायला एक बारीक माणूस होता, तो बंद छत्री डोक्यावर उंच धरून चालायचा म्हणजे आम्ही हरवणार नाही. त्याच्या यादीत नऊ नावं होती. बाईसाहेब? त्याने विचारलं. मी म्हटलं, आजारी. त्याने माझ्यादेखत तिच्या नावावर रेघ मारली. पट्टी न घेता इतकी सरळ रेघ मारणारा माणूस मी बघितला नव्हता. मला ती आवडली नाही.

गाडी सुटण्यापूर्वी त्याने माणसं दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. मला राहवेना. मी म्हटलं, हे माझ्याकडे द्या, माझं आयुष्य यात गेलं आहे. त्याने आनंदाने यादी माझ्या हातात ठेवली. (दंतवैद्य बायकोला म्हणाले, “बरं झालं, एक तरी शिस्तीचा माणूस आहे.” हे वाक्य त्यांना संध्याकाळी फार महागात पडलं.)

पहिल्या गावात दगडी मनोरा होता आणि त्यावरचं घड्याळ चार वीसला बंद पडलेलं. कधीपासून, मी विचारलं. छत्रीवाला म्हणाला, त्याच्या आजोबांनीही ते चालताना बघितलं नव्हतं. मग दुरुस्त का करत नाहीत? त्याने मनोऱ्याखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, “कशाला? भूक लागली की आम्ही घरी जातो.” सगळे हसले. मी माझं घड्याळ मनोऱ्याशी ताडून बघितलं आणि उगाच वाईट वाटून घेतलं. माणसं मोजली. आठ. वेळेवर निघालो.

दुसऱ्या गावात एक नवराबायको टोपल्या विणतात, ते बघायचं होतं. एवढीशी खोली, खिडकीपाशी बाकडं, जमिनीवर ओल्या फांद्यांचे भारे. तो फांद्या सोलतो, ती विणते. ती न बघता हात पुढे करते आणि फांदी तिथे असते. लांब हवी तेव्हा लांब, बारीक हवी तेव्हा बारीक. मी बराच वेळ बघत होतो, तिने एकदाही मागितली नाही. नवरा अभिमानाने छत्रीवाल्याला म्हणाला, पन्नास वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. बायको हात न थांबवता म्हणाली, “झालं कसं नाही? मी रोज भांडते. याला ऐकू येत नाही.” विणकाम करणाऱ्या बहिणी तर हसून हसून डोळे पुसू लागल्या. मग तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे एकटेच? छत्रीवाल्याने सांगितलं, बायको जहाजावर आजारी आहे. ती उठली, आत गेली, आणि सहा नासपती एका छोट्या टोपलीत घालून माझ्या मांडीवर ठेवल्या. आजारी बाईसाठी. दादा, मी चौतीस वर्षांत वरिष्ठांशी, प्रवाशांशी, मंत्र्याच्या भाच्याशी खोटं बोललो, पण नासपती हातात घेऊन खोटं बोलणं फार अवघड असतं. त्या जड असतात.

तिसरं गाव सगळ्यांत उंचावर. पंधरा-वीस घरं, एक गल्ली, गल्लीच्या तोंडाशी आमची गाडी. तीनला निघायचं, कारण साडेपाचला जहाज सुटणार आणि खाली उतरायला दोन तास. सगळे चढून बसले. मी दारात उभा राहून यादी काढली, आणि तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. अंगावर शाल, वय आपल्याएवढं. उंबऱ्याशी थांबली, काहीतरी आठवल्यासारखं केलं, आणि परत आत गेली.

मी छत्रीवाल्याला म्हटलं, “थांबा. अजून एक यायची आहे.”

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. यादी माझ्या हातात होती. त्याने चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं. कॅमेरावाले गृहस्थ उतरून फोटो काढू लागले. नव्या जोडप्याला थांबण्याचं काही वाटत नव्हतं, त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. पंधरा मिनिटांनी बहिणी गल्लीत शोधायला गेल्या आणि कुणाला शोधायचं ते न विचारता गेल्यामुळे तशाच परत आल्या. छत्रीवाला छत्री उंच धरून गावाला एक फेरी मारून आला. दंतवैद्यांचा चेहरा लाल झाला. “अहो, कोण राहिलंय ते तरी सांगा!” मी म्हटलं, येईल. तिला जरा वेळ लागतो. “पण कोण?” मी म्हटलं, कडी बघायला गेली असेल.

चाळीस मिनिटं, दादा. मी घड्याळ बघितलं नाही. हा आकडा नंतर दंतवैद्यांनी सांगितला, सहा वेळा सांगितला. मी दारात उभा होतो, ऊन गल्लीतून सरकत होतं, टोपली माझ्या हातात होती, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी कुणाला सांगू शकत नव्हतो. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी यायचं होतं. येईपर्यंत उभं राहायचं, एवढंच काम होतं.

मग दार उघडलं. ती बाई बादली घेऊन बाहेर आली. कोंबड्यांना दाणे टाकले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं.

चालक मागे वळून बोट नाचवत मोजू लागला. सात माणसं आत, आठवा दारात. यादीत नववं नाव होतं आणि त्यावर सरळ रेघ. दंतवैद्य तोंड उघडणार होते, पण त्यांच्या बायकोने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “बसा. टोपली माझ्याकडे द्या.” मी बसलो. शेजारची जागा रिकामी होती. ती सकाळपासून रिकामी होती आणि मी तिकडे माझी टोपीसुद्धा ठेवली नव्हती.

उतरणीचं वर्णन करत नाही. तुम्हाला रक्तदाब आहे. वळणांचं एवढंच लक्षात आहे की दर वळणाला एक बहीण मोठ्याने प्रार्थना म्हणायची आणि दुसरी तिचे उच्चार सुधारायची. बंदरावर पोचलो तेव्हा जहाजाचा भोंगा झाला होता आणि शिडी काढायला दोन माणसं वाकली होती. त्यांनी आम्हाला बघितलं. आम्ही आठ जण पळत होतो, मी सगळ्यांत मागे. त्यातला एक उभा राहिला आणि त्याने शिडीवर पाय ठेवून ती धरून ठेवली. माझ्या डेपोत असता तर मी त्याच्यावर लेखी ताकीद काढली असती. वर चढताना मी त्याचा हात हातात घेतला आणि सोडायला विसरलो.

खोलीत आलो तर पलंगावर दोन हंस. एक मी उलगडला. दुसरा तसाच ठेवला.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा, पण फार नको.

आपला,
काटा

ता.क. १: हे पत्र तिला दाखवू नये.

ता.क. २: दाखवलंत तर टॅक्सीचा मजकूर वगळून दाखवावा. किंवा तेवढाच दाखवावा आणि खाली माझ्या हातचं हे वाक्य दाखवावं: मी थांबायला हवं होतं.

ता.क. ३: जहाजावर टपालपेटी होती. चार दिवस तिच्यासमोरून जात होतो, पत्र टाकलं नाही. टपालाचा भरवसा नाही असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण पुढे आहे.

ता.क. ४: हे पत्र तुमच्या पेटीत मी स्वतः टाकतो आहे. सकाळचे दहा वाजले आहेत. तुम्ही पेटी अकराला उघडता, चष्मा शोधायला अर्धा तास लावता आणि पत्र जेवण झाल्यावर वाचता, हे मला माहीत आहे. म्हणजे तुम्ही या ओळीपर्यंत याल तेव्हा दोन वाजलेले असतील. हे मी समोरच्या पायरीवर बसून लिहितो आहे, आणि तुम्ही वाचाल तेव्हाही इथेच असेन. टॅक्सी ठेवलेली नाही, चालतही जाऊ. बेल वाजवणार नाही. आतून भांड्यांचा आवाज येतो आहे. वहिनी भांडी अशी आपटत नाहीत. तिला हाक मारू नका, दादा, आणि मी आलोय म्हणून घाईही करू नका. तिचं आवरू दे.