स्काउटघराची पहारा-वही

१६ जून १९९६, रविवार. उधना, सुरत.

पोचलो एकदाचा. अमळनेरपासून एका पायावर उभा होतो. दुसरा पाय कोणाच्या तरी कांद्याच्या पोत्यावर होता आणि पोत्याची मालकीण नंदुरबारपर्यंत मला त्याबद्दल ऐकवत होती. पण उधन्याला उतरल्यावर सगळा शीण गेला. नोकरी! मराठी शाळेत शिक्षक, शिवाय स्काउट मास्तर, शिवाय राहायला फुकट खोली. बायकोला, हर्षदाला, कार्ड टाकलं की राजवाडा मिळाला आहे.

राजवाडा म्हणजे स्काउटघर. एक लांबट हॉल, वर सिमेंटचे पत्रे, एका टोकाला माझी खोली आणि दुसऱ्या टोकाला तंबू, दोर, लाठ्या, ढोल ठेवायची तंबूखोली. तिला जुन्या कारखान्यातून आणलेलं लोखंडी दार आहे, कडी बाहेरून. तिन्ही बाजूंनी पॉवरलूम. पहिला तासभर त्या खटाखटीने डोकं उठलं, संध्याकाळी मी त्याच तालावर दाढी करत होतो.

संस्थेचे अध्यक्ष शालिग्राम आप्पा स्वतः घ्यायला आले होते. मूळचे पारोळ्याचे, मागावर कामगार म्हणून आले आणि आता चाळीस मागांचे मालक आहेत. वीस वर्षं तेच इथले स्काउट मास्तर होते. त्यांनी स्काउट रिवाजाने डावा हात पुढे केला, मी उजवा, आणि पोरं फिदीफिदी हसली. माझी पहिली फजिती.

झाडलोट, पाणी आणि माझी भाकरी मालतीबाई बघतात. चाळिशीच्या, विधवा, बोलायला काटकसरी. भुसावळकडची गाडी शिट्टी देते तेव्हा हातातला झाडू थांबवून फाटकाकडे बघतात. दोन वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या साथीत गाव पळालं, तेव्हा त्यांचा भटू नावाचा मुलगा स्टेशनवरच्या गर्दीत हरवला, असं आप्पांनी येता येता सांगितलं. चौदा वर्षांचा होता. त्याचं ताट त्या अजून वेगळं घासून ठेवतात.

३० जून, रविवार.

आप्पांनी काम दिलं. स्काउटघराला पंचवीस वर्षं झाली, दोन ऑक्टोबरला रौप्यमहोत्सव. स्मरणिकेत घराचा इतिहास मी लिहायचा. माझी नेमणूक एक वर्षाची, कच्ची. इतिहास चांगला उतरला तर कायमचं पत्र देतो म्हणाले. हर्षदाला चौथा महिना लागतोय. बाळंतपण माहेरी होईल, पण त्यानंतर तिने यायचं कुठे? पत्र हवंच.

सुदैवाने कामात गोडी आहे. आज पांडुरंग मामांकडे गेलो. मागावरून निवृत्त झालेला माणूस, ऐकू कमी येतं आणि सांगतो भरपूर. १९७१ साली ही जागा म्हणजे डबकं होतं. खानदेशातली बायामाणसं बारा तासांची पाळी करून यायची आणि रविवारी भराव टाकायची. आपली पोरं गल्लीत वाया जाऊ नयेत, एवढाच हेतू. दिवसा रचलेल्या विटा कोणीतरी उचलून न्यायचं म्हणून पोरांचा पहारा सुरू झाला. दोन-दोन तासांचा, हातात लाठी आणि एक वही. वहीत वेळ, नाव आणि 'सर्व ठीक' लिहायचं.

नियम मात्र मागावरचाच. मागावरचा माणूस पाळी संपली म्हणून निघत नाही. त्याची बदली येऊन शेजारी उभी राहिली की मगच हात काढतो. माग उघडा टाकणं ही इथे सगळ्यांत मोठी नाचक्की. तसंच पोरांचं. बदली आली, तिने डाव्या हाताने लाठी घेतली की मोकळे. विटा केव्हाच भिंतीत गेल्या, पहारा राहिला. पंचवीस वर्षांत एकाही पोराने तो सोडला नाही, हे सांगताना मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. हे सगळं लिहायचं.

२३ सप्टेंबर, सोमवार.

सगळं नीट लिहितो.

शाळेतून आलो तर मालतीबाई उंबऱ्यात बसलेल्या. पदराखालून एक वही काढली. पिठाच्या डब्यात तळाशी ठेवली होती, पानापानांत ज्वारीचं पीठ. साथीनंतर गावाहून परत आल्या तेव्हा तंबूखोली झाडताना त्यांना मोठ्या ढोलाच्या आत ही सापडली होती. ढोलाचं कातडं फाटलेलं होतं. मालतीबाईंना वाचता येत नाही. फक्त 'भ' येतो, पोराने शिकवलेला, आणि तो 'भ' वहीत जागोजागी आहे. दोन वर्षं कोणाला दाखवली नाही, कारण इथली वाचणारी सगळी माणसं आप्पांची. मी नवा. "मास्तर, त्यामा काय लिखेल शे, वाची दखाडा," म्हणाल्या.

पहारा-वहीच होती ती. मी आधी मनात वाचलं.

'२३/९/९४. दु. २. भटू. सर्व ठीक. आप्पा म्हणाले थांब, बदली घेऊन येतो.'

'४. भटू. सर्व ठीक. अंग तापलं आहे.'

'६. भटू. सर्व ठीक. बाहेरून कडी आहे. आप्पा विसरले असतील.'

'२४/९. सकाळ. सर्व ठीक. माग बंद आहेत. कोणाचाच आवाज नाही.'

'पाणी संपलं. सर्व ठीक.'

'ढोल वाजवला. कोणी आलं नाही. ढोल फाटला. आप्पा रागावतील.'

पुढे तारखा नाहीत. अक्षरं मोठी होत जातात, ओळीखाली घसरतात. शेवटच्या पानावर: 'आईला सांगा मी पहारा सोडला नाही. भटू. सर्व ठीक.' बदलीच्या सहीचा रकाना पहिल्या ओळीपासून कोरा.

मालतीबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, लिहिलंय की गर्दी फार आहे, मी स्टेशनवर जातो, आईला गाठतो.

का म्हणालो? घाबरलो होतो. त्यांच्या डोळ्यांत ती दोन वर्षांची आशा होती आणि ती माझ्या हाताने मारायची नव्हती, असं मी स्वतःला सांगतोय. खरं तर त्या क्षणी मला आप्पा आठवले आणि ते पत्र आठवलं.

त्या एवढंच बोलल्या, "मना पोर्‍या पहारा सोडीसन जावाव नई." आणि वही माझ्याकडेच ठेवून भाकरी टाकायला गेल्या.

२४ सप्टेंबर, मंगळवार.

आप्पांकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. वही पाहिली आणि एवढा मोठा माणूस खाटेवर बसून लहान मुलासारखा रडला. मालतीबाई थकलेल्या सासूला घेऊन आदल्या रात्रीच गावी निघाल्या होत्या. भटूला आप्पा आपल्या कुटुंबाबरोबर आणणार होते. दुपारी त्याला ताप चढला. आप्पांना वाटलं, तोच रोग. घरात स्वतःची दोन लेकरं. हा पोरगा सांगितलं तर थांबेल, पण तापात बाहेर पडला तर? म्हणून तंबूखोलीत पहाऱ्यावर उभा केला आणि कडी घातली. कोणाला तरी पाठवणार होतो म्हणाले, पण पाठवायला गावात उरलं कोण? अकरा दिवसांनी परत आले. आपल्या दोन माणसांना घेऊन भटूला बेवारस म्हणून अग्नी दिला. आता वाटतं साधा हिवताप असावा, असंही म्हणाले.

मी म्हटलं, त्याच्या आईला सांगा. ते म्हणाले, तिच्याकडे आता ती वाट बघण्याशिवाय आहे काय? मग डोळे पुसून आत गेले आणि एक कागद आणला. कायमचं पत्र. सही झालेली, तारीख घालायची बाकी. वही जाळून टाका, म्हणाले.

मी पत्र घेतलं.

२ ऑक्टोबर, बुधवार.

समारंभ झोकात झाला. इतिहास मीच वाचून दाखवला. चौऱ्याण्णव सालाबद्दल माझं वाक्य असं: 'साथीच्या धामधुमीत पथकातील एक बालवीर पहारा सोडून स्टेशनकडे गेला व दुर्दैवाने गर्दीत बेपत्ता झाला.' 'पहारा सोडून' हे शब्द मला कोणी सांगितले नव्हते. वाक्य नीट बसावं म्हणून मीच घातले.

मालतीबाई दाराशी चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. ते ऐकताना ट्रे हलला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी कप वाटायला सुरुवात केली आणि माझ्यापर्यंत आल्या तेव्हा ट्रे रिकामा होता. पत्रावर आज तारीख पडली. मी नीच माणूस आहे.

वही जाळली नाही. ट्रंकेत आहे, कुलपात.

९ ऑक्टोबर, बुधवार.

बुधवारी आमच्या गल्लीची वीज बंद असते. माग थांबतात. दुपारी दोनला खाटेवर पडलो होतो. आवाज आला, तंबूखोलीतून. धप्. थोडं थांबून धप्. ओल्या फडक्याने पाटावर मारावं तसा.

जाऊन पाहिलं. कोणी नाही. फाटका ढोल, आणि कोपऱ्यात एक लाठी सरळ उभी. भिंतीला टेकलेली नव्हती. मी बघेपर्यंत उभी होती, मग पडली.

उंदीर असणार. लाठी उंदराने कशी उभी केली, ते माहीत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

पुन्हा. दोन वाजता. पोरांना विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही. मालतीबाई बाहेर गहू निवडत होत्या. मी विचारलं काही आवाज झाला का. त्यांनी मान वर केली नाही. आजकाल माझ्याशी बोलत नाहीत, भाकरी मात्र वेळेवर. दोन ताटं वाढतात. भटूचं ताट आता माझ्या ताटाशेजारी असतं.

ट्रंक उघडली. वहीचं शेवटचं पान जिथे संपत होतं, तिथून पुढे —

'२/१०/९६. भटू. सर्व ठीक. मास्तरांनी वाचलं. मी सोडला नाही.'

'९/१०/९६. दु. २. भटू. सर्व ठीक. मास्तर आले. लाठी घेतली नाही.'

कुलूप माझं. किल्ली माझ्या जानव्याला.

३० ऑक्टोबर.

आज ठरवलं, सांगून टाकायचं. चुलीपाशी गेलो. मालतीबाई, म्हणालो. त्यांनी वर पाहिलं. मी म्हणालो, भाकरीला मीठ कमी होतं.

रोज नवी ओळ असते. रोज 'सर्व ठीक'. शिव्या दिल्या असत्या तर बरं —

४ नोव्हेंबर.

या रोजनिशीचं मागचं पान बघितलं. ३० तारखेच्या नोंदीखाली 'सर्व ठीक'. अक्षर माझं आहे. मी लिहिलेलं नाही.

७ नोव्हेंबर.

दिवाळीला गल्ली रिकामी झाली. माग बंद, महिनाभर आता कामगार यायचे नाहीत. आप्पा काल पारोळ्याला गेले. उद्या दुपारच्या गाडीने मीही. हर्षदाला पत्र दाखवीन. परत येणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात. अमळनेरहून मालतीबाईंना कोणाकडून तरी कळवीन — कार्ड टाकीन — त्यांना वाचता येत नाही —

कळवीन.

८ नोव्हेंबर, शुक्रवार.

वही घरी कशी नेणार? तिथे बाळ येणार आहे. पिशवी खांद्याला लावून निघालो, आणि जाता जाता ती ढोलात परत ठेवावी म्हणून तंबूखोलीत आलो. एवढंच. दोन मिनिटांचं काम.

मागे दार लागलं. कडी पडली.

मी हाक मारली. मालतीबाईच होत्या. पावलं ऐकली. म्हटलं, मी आत आहे. त्या दाराशी थांबल्या. शांतपणे म्हणाल्या, "थांबा मास्तर, बदली लई येस."

ते वाक्य वहीत आहे. पहिल्या ओळीत: 'थांब, बदली घेऊन येतो.' मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं.

मी ओरडून सगळं सांगितलं. दाराला तोंड लावून. ताप, कडी, ढोल, इतिहासातले माझे खोटे शब्द, त्याचं 'मी पहारा सोडला नाही' — सगळं. पत्रही दाराखालून सरकवलं. बाहेर कोणी नव्हतं. गाडीची शिट्टी झाली. मालतीबाईही याच गाडीने गावी जाणार होत्या.

पत्र्याच्या फटीतून उजेड येतो, त्यात लिहितोय. ढोलावर मारलं. फाटका आहे.

कोपऱ्यात लाठी उभी आहे. सरळ. थोडी वर धरल्यासारखी, चौदा वर्षांच्या पोराच्या छातीएवढी. माझ्याकडे पुढे होतेय.

वही उघडी आहे. बदलीच्या रकान्यात माझं नाव — शाई ओली —

मी डावा हात पुढे केला. खरंच केला. निदान एवढं तरी. हात गार होता, लहान. मग सुटला. फटीतल्या उजेडात धूळ हलली आणि दारापलीकडे कोणीतरी पळत गेलं, स्टेशनच्या बाजूला, अनवाणी —

लाठी जड आहे.

दु. ४. योगराज. सर्व ठीक.

६. योगराज. सर्व ठीक. बाहेरून कडी आहे. मालतीबाई विसरल्या अस