सूर्यभानरावांची करंगळी

राजापेठ, अमरावती
१२ जुलै १९३६

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या सत्यवतीचा दंडवत, वि. वि.

आम्ही सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. यांच्या हाताची जखम पुरती भरली. चैत्रात कापसाच्या जिनात उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला होता की हात वाचला हेच पुष्कळ. पण दादा, हात वाचला आणि माणूस गप्प झाला. सगळी लग्नसराई बँडवाले आमच्या दारावरून वाजवत गेले, अन् हे आत भिंतीकडे तोंड करून बसले.

परवा यांच्या बँडचे मास्तर आले. यांची क्लॅरोनेट पडून आहे, तर दुसऱ्या कोणाला द्याल का, असं त्यांनी संकोचून विचारलं. हे लगेच म्हणाले, घेऊन जा, मले काय कराची आता. मी म्हटलं, सापडत नाही. खरं म्हणजे मी ती ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवली आहे. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याशी खोटं बोलले.

तुमच्या त्या फोनोची आठवण झाली. वैनी म्हणते, घरात धान्यापेक्षा तबकड्या जास्त आहेत. त्यातल्या एखाद्या तबकडीत क्लॅरोनेट असेल तर घेऊन या. ऐकून माणूस चिडला तरी चालेल, काही बोलेल तरी.

वैनीला नमस्कार. लहानीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची सत्यवती

•

जठारपेठ, अकोला
१९ जुलै १९३६

चिरंजीव सौभाग्यवती सत्यवतीस दादाचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. कोठीचं गुपित माझ्यापाशी राहील.

तुला माझ्या तबकड्यांचं हसू येतं, तुझ्या वैनीला राग येतो. मलाही कधी कधी वाटतं, मी हे काहून करून राहिलो? दिवसभर रेल्वेच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढताना पाहतो. चार वर्षांपूर्वी फर्नांडिस गार्डानं मुंबईहून पहिली तबकडी आणून दिली. त्यानं सांगितलं, याला जॅझ म्हणतात. वाजवणारे अमेरिकेतले काळे लोक, त्यांचे आजे-पणजे कापसाच्या शेतात गुलाम होते. शब्द एक कळला नाही. पण तबकडीतल्या बाईनं पहिली तान सोडली आणि मला आपली आई कापूस वेचताना गायची तशी वाटली. तेव्हापासून हावच लागली. एकच गाणं माझ्याकडे तिघांचं आहे. तुझी वैनी म्हणते, एक असताना तीन कशाला? तिला कसं सांगू, की तिघांचा रस्ता एकच असून तिघंही वेगळ्या गावाला पोचतात.

क्लॅरोनेटची तबकडी आहे. पण ती एकच आहे, आणि गार्डानं मुंबईत धुंडाळूनही दुसरी मिळाली नाही. प्रत्येक वेळी सुई फिरली की तबकडी थोडी झिजते, म्हणून मी ती फक्त दसऱ्याला आणि पाडव्याला वाजवतो. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? तुझं पत्र वाचून आधी मी दुसरीच एक, हलकीशी तबकडी कागदात बांधली. वैनीनं पाहिलं. ती त्या पुडक्याकडे बघत राहिली. मग मी गाठ सोडली.

येत्या रविवारी फोनो आणि तीच तबकडी घेऊन येतो. भाकरी आणि वांग्याची भाजी तयार ठेव. आमच्याकडून वर्षाव आशीर्वादांचा, तुझ्याकडून पत्रांचा असू दे.

तुझा दादा शालिकराम

•

राजापेठ, अमरावती
२३ ऑगस्ट १९३६

तीर्थरूप दादांना सत्यवतीचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुम्ही त्या रविवारी तबकडी लावली तेव्हा हे खाली मान घालून बसले होते, आणि तुम्ही निराश होऊन फोनो आणि तबकडी इथंच ठेवून गाडी गाठलीत. पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात विकायच्या फुलांच्या पाट्या भरत होते. यांनी आपल्या हातानं तबकडी लावली. तीनदा ऐकली. मग मला म्हणाले, सत्यवती, हा माणूस मधले सूर सोडून देऊन राह्यला, अन् तरी चुकत नाही. मी म्हटलं, मले त्यातलं काय समजते. ते म्हणाले, त्याले धाही बोटं आहेत तरी तो सोडते, मले नऊच आहेत. एवढं बोलून त्यांनी विचारलं, कोठीतली क्लॅरोनेट काढतेस का. दादा, यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता करंगळी वाकवून गेलेल्या बोटाच्या रिकाम्या भोकावर ठेवतात. पण मग करंगळीच्या स्वतःच्या चाव्या सुटतात, खालचे दोन सूर निघतच नाहीत. महिनाभर नुसतं फुसफुस आणि किंचाळणं. शेजारच्या माणिकबाईनं विचारलं, बदक पाळलं का. करंगळीला फोड आले, मी हळद लावते.

आता वाईट बातमी. एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायला हे सुई मागे नेऊन ठेवत. तुम्ही दिलेल्या सुया संपल्या, तरी जुन्या सुईवरच चाललं. तबकडी आता भजी तळल्यासारखा आवाज करते, आणि नेमक्या त्या तुकड्यात तर वाद्यच ऐकू येत नाही. यांना तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून मी लिहिते. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

क्षमा आणि लोभ दोन्ही मागणारी,
सत्यवती

•

जठारपेठ, अकोला
३० ऑगस्ट १९३६

चिरंजीव सौभाग्यवती सत्यवतीस आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस मी घरीदारी नुसती चिडचिड केली. वैनीलाच विचार. मालधक्क्यावर एका हमालावर विनाकारण ओरडलो, मग त्याची माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी कपाट उघडून बसलो. एकेक तबकडी बाहेर काढून पुसली. सगळ्या कशा चकचकीत. वैनी भाजी निवडत होती, ती सहज म्हणाली, लुगडं पेटीतच ठेवलं तर नवं राहते, पण मंग ते नेसलं कोनं? मी हसलो नाही, पण राग गेला. माझ्या साठ तबकड्यांतली एकच तबकडी कोणाच्या तरी कामाला आली, आणि ती माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

सूर्यभानरावांना सांग, दादा रागावला होता, आता नाही. फर्नांडिस गार्डाबरोबर सुयांच्या दोन डब्या पाठवतो. फुलं, हात आणि माणसं, तिघांना जप.

तुझा दादा

•

राजापेठ, अमरावती
८ नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप दादांना आणि वैनीला सत्यवतीचा नमस्कार, वि. वि.

झेंडूनं घर भरलं आहे, दोनच ओळी लिहिते. भाऊबीजेला याल तेव्हा हे तुमच्यासमोर वाजवणार नाहीत, आग्रह करू नका. यंदा मला ओवाळणीही नको. त्याऐवजी कार्तिकी पुनवेला दोघं कौंडण्यपूरच्या जत्रेला या. आमच्या आळीच्या भजनी मंडळानं यांना साथीला बोलावलं आहे. हे तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा विचारलं तेव्हा गप्प राहिले, तर मीच हो सांगून टाकलं.

येणं चुकवाल तर बोलणार नाही, आणि मी बोलले नाही तर तुम्हालाच करमणार नाही.

तुमची सत्यवती

•

जठारपेठ, अकोला
४ डिसेंबर १९३६

राजमान्य राजश्री सूर्यभानराव यांस शालिकरामचा प्रेमपूर्वक नमस्कार, वि. वि.

आजवर तुमची ख्यालीखुशाली सत्यवतीच्या पत्रातून विचारली. हे पत्र मुद्दाम तुम्हाला.

त्या दिवशी वर्धेच्या काठी मी मंडळाच्या मागे उभा होतो. पहिल्या अभंगाला तुमची क्लॅरोनेट दबकत होती. दुसऱ्याला चाल खाली उतरली, आणि जिथे तुमचे दोन सूर नाहीत तिथे तुम्ही थांबला नाहीत. वरूनच घसरत आलात, मधलं सोडलंत, आणि पलीकडे बरोबर टाळावर उतरलात. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बुवांनी तीच ओळ पुन्हा घेतली, फक्त तुम्ही पुन्हा घसरावं म्हणून. प्रत्येक वेळी तुम्ही वेगळ्या वाटेनं आलात. ते तबकडीतल्या माणसाचं नव्हतं, तुमच्या जुन्या बँडचंही नव्हतं. सत्यवती पदरानं डोळे पुसत होती आणि माणिकबाईला सांगत होती की धूळ फार आहे.

परतताना बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत मी ते मनात घोळवत होतो. अकोला येईतो अर्धं निसटलं. एरवी असं निसटलं की मी तळमळतो, गार्डाला चिठ्ठी लिहितो की हे कुठून तरी आणून दे. यावेळी तसं झालं नाही. जे निसटलं ते तुमच्या हातात आहे आणि तुम्ही अमरावतीला आहात, एवढं मला पुरलं.

एक कबुली द्यायची राहिली. जुलैत मी तुम्हाला दुसरीच तबकडी देऊन भागवणार होतो. ते मनात सलतं, म्हणून लिहिलं.

बँडमास्तर जत्रेत भेटले होते. माघात मूर्तिजापूरला मोठं लग्न आहे आणि वरातीपुढे तुम्ही वाजवणार, असं म्हणाले. त्या घरचं मला बोलावणं नाही, वर कोण, वधू कोण हेही ठाऊक नाही. मी रजा टाकली आहे. वरातीच्या मागून चालत येईन. कोणी हटकलं तर क्लॅरोनेटवाल्याचा सोयरा आहे म्हणून सांगेन.

तोवर बोटांची आणि आमच्या सत्यवतीची काळजी घ्या.

तुमचा,
शालिकराम