विमान उतरवू नका

अहो,

मी काटोलले वत्सलाताईकडे चालली. कंबर आता बिलकुल साथ देत नाही. पोळ्या डब्यात आहेत, वरण गरम करून घ्या.

पायलटच्या मेडिकल तपासणीत नापास झाल्यापासून तुम्ही टीव्हीले जोडलेल्या कॉम्प्युटरवर विमान उडवता आणि मागून खुर्ची हलवायचं काम माझं. आता खुर्चीखाली जुन्या मिक्सरची मोटर बांधून ठेवली. बटन दाबलं की इंजिनासारखी थरथरते. वाऱ्यासाठी कूलर तोंडाकडे फिरवला आहे. त्यात पाणी टाकू नका. मागच्या वेळी ढग पाहिजेत म्हणून तुम्ही टाकलं आणि आठवडाभर खोकत राहिले.

उतरतानाचं मात्र मोटरले जमत नाही. तेव्हा मी तुमच्यासकट खुर्ची मागे कलती करून हळूच खाली टेकवत होती, त्यातच कंबर गेली. तुम्ही दरवेळी म्हणायचे, "पाह्य वं, कसं अलगद उतरवलं मी!" एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी कधी येईन, ते अजून ठरवलं नाही. तोवर वरच राहा.

चंद्रकला